आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली त्याची गोष्ट

परवा एका मैत्रिणीने विचारलं की तुमच्याकडे रिडेव्हलपमेंट झालं ना, कसं असतं ते जरा सांग, आमच्याकडे पण चालू होतंय. रिडेव्हलपमेंट म्हणजे जुनी बिल्डिंग पाडून त्याच जागी बिल्डरकडून नवी बांधून घेणं. मी म्हटलं झालं नाहीये अजून, होतंय, आणि सांगायचं म्हणजे फोनवर दीड तास जाईल. म्हणून लिहूनच काढते.

आम्ही मुलुंड पूर्वेला. बाबांनी 1979 मध्ये घेतलेला फ्लॅट, तळ अधिक तीन मजले, 16 बिऱ्हाडं, लिफ्ट नाही. आमचा 10 नंबर, दुसरा मजला. आमच्याकडे लोकांना नावापेक्षा नंबरनेच ओळखतात, 6 नंबरच्या वहिनी, 14 नंबरवाले काका, 2 नंबरच्या आजी असं. मी कमिटीत कशी आले तर एका एजीएमला, म्हणजे सोसायटीच्या वार्षिक सभेला, बाथरूमचं गळतं म्हणून तक्रार करायला गेले आणि खजिनदार होऊन परत आले. ज्यांनी कधी सोसायटीची मीटिंग बघितलीय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

सुरुवात झाली 2018 मध्ये. 30 वर्षांवरच्या बिल्डिंगला मुंबईत स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं, ते आम्ही वर्षानुवर्षं ढकलत होतो. मग जिन्यातल्या स्लॅबचा तुकडा पडला, सुदैवाने पहाटे, आणि दुसऱ्याच आठवड्यात इंजिनिअर आला. हातोडीसारखं एक यंत्र भिंतीवर टकटक करून आकडे लिहून घेतो, दोन पिलरमधून ड्रिल करून काँक्रिटचा दंडगोल बाहेर काढतो आणि पिशवीत घालून लॅबला नेतो. रिपोर्टमध्ये कॅटेगरी येते, सी-1 म्हणजे राहण्यालायकच नाही, ताबडतोब रिकामी करा, आणि मग सी-2 ए, सी-2 बी, सी-3 अशी उतरती भांजणी. आमची आली सी-2 ए, म्हणजे मोठी दुरुस्ती, तीही काही भाग पाडून. दुरुस्तीचा खर्च प्रत्येक घरामागे इतका निघाला की रिडेव्हलपमेंट हा शब्द त्याच मीटिंगमध्ये पहिल्यांदा आला, आणि आला तो परत गेलाच नाही.

आता इथे एक गोष्ट जी आम्हाला कुणालाच माहीत नव्हती. बिल्डिंग आमची, पण खालची जमीन आमची नाही! मोफा कायद्याप्रमाणे, 1963 चा कायदा हा, सोसायटी रजिस्टर झाल्यावर चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची असते, कन्व्हेयन्स म्हणतात. आमच्या मूळ बिल्डरने ते चाळीस वर्षांत केलं नव्हतं आणि तोवर तो गेलाही होता, वारसांपैकी एक पुण्यात, एक परदेशात आणि तिसऱ्याचा पत्ताच लागेना. प्रॉपर्टी कार्डवर, म्हणजे जमीन कुणाची याच्या सरकारी नोंदीत, अजून त्याचंच नाव. मग डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे बिल्डर आला नाही तरी सरकारी अधिकारी आदेश काढून जमीन सोसायटीला देतो. त्यासाठी 16 च्या 16 घरांचे ओरिजिनल अ‍ॅग्रीमेंट, त्याच्या नोंदणीचा उतारा म्हणजे इंडेक्स-2, मंजूर प्लॅन, आणि ओसी, म्हणजे बिल्डिंग राहायला वापरता येते असा महापालिकेचा दाखला. आमच्याकडे ओसी सापडली ती माजी सेक्रेटरी काकांच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नाच्या आहेराच्या वहीत घडी घालून ठेवलेली. मध्ये कोविड आला. सगळं धरून या एका कागदाला जवळजवळ अडीच वर्षं गेली. मैत्रिणीला पहिला सल्ला हाच दिला की बाकी सगळं नंतर, आधी कार्डावर कुणाचं नाव आहे ते बघ.

पुढची पायरी म्हणजे पीएमसी नेमणं, सोसायटीच्या बाजूने हिशोब बघणारा सल्लागार, आणि मग टेंडर. यासाठी सरकारचा 4 जुलै 2019 चा जीआर आहे, सगळे त्याला 79 अ म्हणतात. दोन तृतीयांश सभासद हजर पाहिजेत, म्हणजे आमच्यात 11, आणि एकूण सभासदांच्या 51 टक्के लोकांची संमती पाहिजे, म्हणजे 9. पहिल्या मीटिंगला आले 10. एक जण कमी म्हणून सगळं रद्द, आणि तो अकरावा माणूस खाली गेटपाशी रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता. बिल्डर निवडायच्या मीटिंगला उपनिबंधक कार्यालयातून अधिकारी येतो, दारात ओळखपत्र बघतात, आणि पूर्ण व्हिडिओ शूटिंग कंपलसरी असतं. आम्ही आणलेला शूटिंगवाला लग्नाचा होता. त्याने ठरावाचं वाचन चालू असताना 2 नंबरच्या आजींच्या चेहऱ्यावर हळूच झूम केलंय, आणि शेवटी चहा-वेफर्सचा वेगळा शॉट घेतलाय. सरकारदरबारी तोच व्हिडिओ जमा आहे.

आकड्यांवर येते. तीन टेंडर आली, त्यातल्या एकाने कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या जागेवर, 35 टक्के जादा, काम होईपर्यंत दुसरीकडे राहायचं दरमहा भाडं, कॉर्पस म्हणजे एकरकमी ठेव, आणि सामान हलवायचा खर्च असं दिलं, तोच निवडला. 35 टक्के हा आकडा एकदा तोंडात बसला की मग घरात दुसरं काही बोलणंच होत नाही. पण पस्तीस टक्के कशाच्या? आमच्या अ‍ॅग्रीमेंटवर 465 फूट लिहिलेलं, ते बिल्टअप, म्हणजे भिंतींसकट. कार्पेट किती ते कुणालाच माहीत नव्हतं. मग मोजणीचा दिवस आला आणि तो दिवस मी विसरणार नाही.

दोन मुलं आली, विशी-बाविशीची, हातात काडेपेटीपेक्षा जरा मोठं लेझर मीटर. एका भिंतीला टेकवायचं, बटण दाबलं की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो आणि आकडा येतो. बस. आई सकाळपासून घर आवरत बसली होती, जणू पाहुणे येणार, पोहे पण करून ठेवलेले. मुलांनी हॉलमध्ये मीटर धरलं तर ठिपका पडला देव्हाऱ्यावर, म्हणून ते म्हणाले आजी हे जरा सरकवा. ती म्हणाली देव सरकवत नाहीत, तू सरक. शेवटी ओट्याच्या बाजूने तिरकं माप घेतलं. सात मिनिटांत आमचं घर संपलं, 372 फूट. आई नुसती त्या मीटरकडे बघत होती. चव्वेचाळीस वर्षं ज्यात काढली त्याला सात मिनिटं लागतात हे तिला पटेचना. ती म्हणाली परत मोज. त्यांनी बिचाऱ्यांनी परत मोजलं, पोहे खाल्ले, गेले.

खरी मजा वरती. 14 नंबर आमच्या बरोब्बर डोक्यावर, तोच प्लॅन, त्याच भिंती. त्यांचं माप आलं 363. नऊ फूट कमी! काकांचा पारा चढला. मग लक्षात आलं की त्यांनी दहा वर्षांपूर्वी हॉलला चारी बाजूंनी प्लायचं पॅनलिंग केलेलं, किचनला वरपर्यंत टाइल्स, आणि मीटर मोजतो ते टाइल्सपासून टाइल्सपर्यंत. म्हणजे ज्याने घरावर पैसे खर्च केले त्याचं घर लहान झालं, आणि आमच्यासारखे ज्यांनी साधा डिस्टेंपर पण वेळेवर मारला नाही ते फायद्यात. इकडे एका फुटाचा भाव वीस-पंचवीस हजारांच्या घरात, तेव्हा नऊ फूट म्हणजे चेष्टा नाही. काकांनी त्याच रात्री सुताराला बोलवून पॅनलिंग उखडायला घेतलं, सगळी बिल्डिंग जागी. काकू जिन्यात येऊन रडल्या, घर पडायच्या आधीच यांनी पाडायला घेतलंय म्हणाल्या. शेवटी असं ठरलं की एका रांगेतली सगळी घरं सारखीच धरायची, मंजूर प्लॅनप्रमाणे. पण 14 नंबर आणि आमचं बोलणं जे बंद झालं ते जवळजवळ सहा महिने, कशावरून तर नऊ फुटांवरून, जे आम्ही घेतलेही नव्हते.

त्या दिवशी मोजणी करणाऱ्या मुलांनी आणखी एक काम केलं ते मला तेव्हा कळलं नाही. गल्लीत उतरून त्यांनी रस्त्याची रुंदी मोजली, समोरच्या कंपाउंडपासून आमच्या कंपाउंडपर्यंत. मला वाटलं काहीतरी क्रेनबिन आणायला लागेल म्हणून असेल. नंतर पीएमसीने सांगितलं की समोरचा रस्ता किती रुंद त्यावर किती एफएसआय वापरता येईल, म्हणजे प्लॉटच्या मानाने किती बांधकाम करता येईल, ते ठरतं. आमची गल्ली 30 फुटी, नऊ मीटरच्या जरा वर, म्हणजे बसलो एकदाचे. मी त्याला विचारलं की 16 घरांची 54 होणार, गल्लीत आणखी पाच बिल्डिंगी अशाच रांगेत आहेत, उद्या गल्लीत तीनशे घरं झाली तर ड्रेनेजची लाइन तीच, पाण्याची लाइन तीच, गाड्या कुठून जाणार? तो हसला आणि म्हणाला मॅडम, ते डीपीत बघतात. डीपी म्हणजे शहराचा विकास आराखडा. मी म्हटलं डीपीत आमची गल्ली बघितलीय कुणी? तो म्हणाला तुम्ही तुमच्या प्लॉटचं बघा ना. आणि खरं सांगू, मीही तेच केलं. मीटिंगमध्ये हा मुद्दा काढला असता तर मला म्हणाले असते आता तुम्ही फाटे फोडू नका.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. महापालिकेची पहिली परवानगी असते आयओडी, त्याचं पूर्ण नाव इंटिमेशन ऑफ डिसअप्रूव्हल, म्हणजे नामंजुरीची सूचना! परवानगीचं नाव नामंजुरी, हे मला आजपण कळलेलं नाही. आयओडी आल्याशिवाय घर सोडायचं नाही असं आमच्या वकीलबाईंनी बजावून ठेवलेलं, आणि ते बरोबरच होतं. दुसरं म्हणजे बँक गॅरंटी, बिल्डरने काम अर्धवट सोडलं तर सोसायटीच्या हातात काहीतरी असावं म्हणून. जीआरमध्ये प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के लिहिलंय, प्रत्यक्षात बिल्डर त्यावर येतच नाही, आमच्याकडे निम्म्याहून कमी गॅरंटी आणि त्याच्या वाट्याचे दोन फ्लॅट शेवटपर्यंत विकायचे नाहीत असं तडजोडीत ठरलं. यावर 2 नंबरच्या आजी सगळ्यात जास्त भांडल्या, त्यांचं म्हणणं होतं रेरा आहे ना, बिल्डरांवर वचक ठेवणारा कायदा, मग भीती कशाला घालता. वकीलबाईंनी समजावलं की रेराचा आधार मुख्यतः नव्याने विकत घेणाऱ्याला असतो, जुने सभासद त्यात तसे धरत नाहीत, तुम्हाला जे काही आहे ते तुमच्या करारात. त्यानंतर आजींनी करार स्वतः वाचला, 90 पानं, भिंग घेऊन. प्रत्येक सभासदाचा वेगळा करार होतो त्याच्या स्टॅम्प ड्युटीचा धाक होता, पण 2023 साली मुंबई हायकोर्टाने सांगितलं की तुमच्या जुन्या घराच्या बदल्यात मिळणाऱ्या घराला 100 रुपयांच्या वर नाही. भाड्यावर टीडीएस कापणार म्हणून बिल्डरचा अकाउंटंट अडून बसला होता, तेही 2024 मध्ये हायकोर्टानेच नाही म्हटलं. अशा दोन निकालांनी आमचे किती पैसे वाचले याचा हिशोब माझ्या खजिनदाराच्या वहीत आहे.

आणि मग मे 2024, घर शोधणं. इथे मी सगळ्यात जास्त दमले.

बिल्डर आम्हाला देणार महिना 27 हजार. टेंडर भरलं तेव्हा वन बीएचके तेवढ्यात मिळत होता. पण आमच्याच वेळी गल्लीतल्या आणखी दोन बिल्डिंगी रिकाम्या होत होत्या, मागच्या रस्त्याला तीन, नव्वद फूट रोडच्या पलीकडे किती ते देव जाणे. सगळ्यांना इथेच पाहिजे, कारण मुलांची शाळा इथे, डॉक्टर इथे, आईवडलांचे मित्र इथे. सगळ्यांच्या हातात बिल्डरचे चेक. त्यामुळे मालकांना कळलेलं, पहिलाच आकडा 33, 34. ब्रोकर सरळ म्हणाला, ताई, रिडेव्हलपमेंटवाल्यांचा सीझन आहे. जणू हापूसचा.

अटी तर विचारू नका. एक घर बघितलं, छान हवेशीर, तर आधी प्रश्न, मासे करता का? म्हटलं करतो, रविवारी. मग नको. दुसरं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. आईचे गुडघे आधीच गेलेले. तिसरं घर आवडलं तर मालक म्हणाला आठवड्याने सांगतो, आणि आठवड्याने ते आमच्याच 6 नंबरच्या वहिनींना मिळालं. चाळीस वर्षं ज्यांच्याशी वाटीभर साखरेचं देणंघेणं त्यांच्याशी आम्ही एका घरासाठी स्पर्धेत. त्यांनी फोन करून सॉरी म्हटलं, मी म्हटलं अहो सॉरी काय, पण राग आला होता हे खरं.

शेवटी मिळालं मिठागर रोडच्या बाजूला, 32 हजार, पहिला मजला, वरचे पाच आपल्या खिशातून. आणि आता जो मुद्दा आमच्या कुणाच्याच डोक्यात आला नव्हता तो. भाड्याचा करार असतो 11 महिन्यांचा. बिल्डरचा काळ 36 महिन्यांचा, वर सहा महिने सवलत. म्हणजे कमीत कमी चार करार, मालकाने नाही म्हटलं तर चार घरं, चारदा ब्रोकरेज, चारदा टेम्पो, चारदा पोलीस व्हेरिफिकेशन. आमच्या करारात ब्रोकरेज आणि शिफ्टिंग एकदाच धरलंय, जाताना, आणि परत यायचं शिफ्टिंग. 90 पानं भिंगातून वाचणाऱ्या आजींना पण हे दिसलं नाही, मला तर नाहीच नाही. मैत्रिणीला दुसरा सल्ला हा दिला.

घर सोडायच्या आदल्या दिवशी जिन्याखालचा इस्त्रीवाला भेटायला आला. पंचवीस-सव्वीस वर्षं तो तिथे, आमचं वीज कनेक्शन, त्याचं टेबल, कोळशाची इस्त्री. त्याने विचारलं, भाभी, मेरा कागज भी बनेगा क्या? काय सांगणार. तो सभासद नाही, भाडेकरू नाही, प्लॅनमध्ये नाही, त्याच्या टेबलाचं कार्पेट कुणी मोजलं नाही. आम्ही वर्गणी काढून काही रक्कम दिली, त्याने हात जोडून घेतली. मग तो समोरच्या बिल्डिंगखाली गेला, आठ महिन्यांत ती पण रिकामी झाली, आता तो सायकलवर कपडे गोळा करून कुठल्या तरी खोलीत इस्त्री करून आणतो. गिऱ्हाईक पांगलं. त्याचं म्हणणं आमच्या 16 घरांपैकी त्याला 7 सापडलीत. बाकीची कुठे आहेत ते तो मलाच विचारतो.

आणि आम्हालाही कुठे माहीत असतं? तीन घरं ठाण्याला गेली, दोन डोंबिवलीला मुलांकडे, 2 नंबरच्या आजी लेकीकडे बदलापूरला. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, त्यावर सकाळची फुलं आणि साइटचे फोटो. 14 नंबरवाल्या काकांशी बोलणं सुरू झालं ते असंच, त्यांनी पायलिंगच्या खड्ड्याचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, यात तुमचे नऊ फूट कुठले आणि माझे कुठले ओळखा. मी हसण्याची इमोजी टाकली, त्यांनी फोन केला.

आईला मी महिन्यातून एकदा साइट बघायला नेते. रिक्षा गल्लीत शिरतच नाही हल्ली, तोंडाशीच सोडते, कारण आत एका वेळी तीन कामं चालू, रेडीमिक्सचा ट्रक एक आला की पलीकडचा मागे घ्यायचा, आणि मागे घ्यायला जागा नाही. तीस फुटांत दोन्ही बाजूंना पत्रे, मध्ये चिखल. मागच्या पावसात कोपऱ्यावरचं चेंबर उलटं वाहायला लागलं तेव्हा तिन्ही बिल्डरांची माणसं एकमेकांकडे बोट दाखवत होती, आणि ज्यांनी तक्रार करायची ते आम्ही सगळे गल्लीबाहेर राहायला. समोरच्या बिल्डिंगमध्ये जी चार घरं अजून अडून बसलीत त्यांनी वॉर्ड ऑफिसला अर्ज दिला. ज्यांना आम्ही सगळे नावं ठेवत होतो, अडेलतट्टू म्हणत होतो, तेच तेवढे तक्रार करायला उरलेत.

आईने पत्र्याच्या फटीतून बघितलं आणि विचारलं, आपला मजला कुठला? म्हटलं नववा. ती वर बघत राहिली, तिथे नुसतं आभाळ. मग म्हणाली, मेंटेनन्स किती येईल गं? तिचा प्रश्न नेहमी मुद्द्याचा असतो. आधी आम्ही 1,400 भरत होतो. आता दोन लिफ्ट, यांत्रिक पार्किंग, पंप, फायरची सिस्टिम, सिक्युरिटी, पीएमसी म्हणतो सात-आठ हजार धरून चाला. कॉर्पसच्या व्याजातून निघेल म्हणतात. आईचं पेन्शन 19 हजार आहे. आम्ही दोघी कमावत्या म्हणून ठीक, पण 2 नंबरच्या आजींचं काय, त्यांनी तर लेकीला सांगूनच टाकलंय की ताबा मिळाला की विकायचं. घर मिळणार पण त्यात राहता येणार नाही असे आमच्यात निदान चार जण आहेत, ते उघड बोलत नाहीत इतकंच.

मैत्रिणीला हे सगळं पाठवणार होते तेवढ्यात गेल्या रविवारी आमच्या आत्ताच्या घरमालकांचा फोन आला. दुसरा करार संपत आलाय, मला वाटलं भाडं वाढवायचं असेल, मी मनात 35 पर्यंत तयारी करून ठेवली होती. ते म्हणाले, तसं नाही हो मॅडम, पुढचा करार करता येईल असं वाटत नाही, आमच्या सोसायटीत पण सर्वसाधारण सभा आहे 20 तारखेला, पीएमसी ठरवायचाय. मग जरा थांबून म्हणाले, तुमच्या त्या वकीलबाई चांगल्या आहेत म्हणे, नंबर मिळेल का?

दिला नंबर. आणि म्हटलं, काका, आधी प्रॉपर्टी कार्ड काढा.